खाली खोली वर आहे

आमच्या घरातली खाली खोली वर आहे.

हे वाक्य ऐकून पुण्या-मुंबईची माणसं हसतात. हसू देत. भोपाळात वाढलेल्या मराठी माणसाला यात काही चुकलंय असं वाटतसुद्धा नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, आणि बाग सेवनियातल्या आमच्या घराच्या गच्चीवरची ती खोली बांधल्या दिवसापासून रिकामी, म्हणून ती खाली खोली. रिकामी म्हणजे माणसांपासून रिकामी. सामान इतकं की दार अर्धंच उघडायचं. माझे यजमान मूळचे सांगलीचे. इंजिनियर म्हणून नोकरीला इकडे आले ते इकडलेच झाले, पण त्यांच्या मराठीची इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. लग्न झाल्यापासून ते मला दुरुस्त करत आलेत. "अगं, वरची खोली म्हण. खाली कुठे आहे ती?" मी म्हणते, "वरच तर आहे, खाली खोली." मग ते कपाळाला हात लावतात.

सून पुण्याची, ऋता. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "खाली खोलीतून पापडाचा डबा आण गं." बिचारी जिना उतरून गेली. अंगण पाहिलं, गाडीमागे पाहिलं, पाण्याच्या मोटारीचं कपाटसुद्धा उघडून पाहिलं. वर येऊन अगदी अपराध्यासारखी म्हणाली, "आई, खाली खोलीच नाहीये." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, पण खाली खोली हा शब्द तिनं कधी तोंडात घेतला नाही. ती "टेरेसवरची खोली" म्हणते.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी घरात एकच गोष्ट मागितली. "ती खोली मला पाहिजे."

"कशाला?" ह्यांनी विचारलं.

"बसायला."

"बसायला घरात जागा कमी आहे का?"

छत्तीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं. उलट प्रश्नाला उत्तर नाही असं माझं कधी झालं नव्हतं. घरात जागा भरपूर आहे, आणि त्यातल्या कुठल्याही जागी मी बसले की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, काय गं, बरं नाही का? हे मात्र त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना.

तरी मी हट्टानं खोली उपसायला घेतली. दोन मेलेले कूलर निघाले. "लागेल कधीतरी" म्हणून ह्यांनी ठेवलेले तेलाचे रिकामे डबे निघाले. मुलाची तीन चाकी सायकल निघाली. मुलगा सकाळी मंडीदीपला कारखान्यात जातो तो दिवेलागणीला येतो, त्यामुळे या भानगडीत तो कुठेच नव्हता. सगळ्याच्या मागे, भिंतीला टेकून, माझ्या आईची पत्र्याची पेटी होती. आईची शेवटची दोन वर्षं आमच्याकडे गेली, तेव्हा ती पेटी आली आणि आई गेल्यावर वर चढली. कडी गंजली होती. ती उघडली आणि काही दिसायच्या आधी वास आला, उन्हात तापलेल्या शिंदीच्या पानांचा आणि जुन्या चुन्याचा. तळाशी गुंडाळलेली चटई होती. कडेची लाल किनार आईनं स्वतः शिवलेली होती.

ती चटई मी आमच्या घरात कधीच अंथरलेली पाहिली नव्हती. पाहिली होती ती फक्त खाली क्वार्टरमध्ये.

शिवाजी नगरमध्ये आमचं सरकारी क्वार्टर होतं. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. दोन खोल्या, मागे अंगण, पुढे मेंदीचं कुंपण. पुढची खोली भाऊंची. तिथे त्यांची वेताची खुर्ची, फायली आणि संध्याकाळी येणारे मित्र. मागची खोली आमची सगळ्यांची, म्हणजे स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि भांडणं तिथेच. आईची जागा म्हणायची तर चुलीपुढचा पाट. तोही जेवणाऱ्याला कमी पडला की तिला उठावं लागे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये दुबेजी राहायचे. एका होळीनंतर त्यांची ग्वाल्हेरला बदली झाली. परत येऊ या आशेवर त्यांनी क्वार्टर सोडलं नाही. किल्ली आईकडे दिली. दुबेबाई म्हणाल्या, "भाभीजी, कभी-कभी खिड़की खोल देना, हवा लग जाएगी." त्यांच्या भिंतीपलीकडे एकाएकी शांतता झाली. आम्ही मुलं त्याला खाली क्वार्टर म्हणू लागलो.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन वाजता आई हातात झाडू घेऊन निघायला लागली. मी सात-आठ वर्षांची, तिच्या पदराला धरून मागे. मेंदीच्या कुंपणापाशी कुणी ना कुणी विचारायचंच, "किधर चलीं भाभीजी?" आई म्हणायची, "बस, झाड़ू मारने." बायका हसायच्या. "अरे, झाड़ू लगाते हैं, मारते थोड़े ही हैं!" आईनं ती हिंदी शेवटपर्यंत सुधारली नाही. कुलूप काढायची, दार आतून लावायची आणि झाडू कोपऱ्यात उभा करायची.

झाडूचं काम तेवढंच.

मग ती चटई अंथरायची. अंबाडा सोडायची, आकडे एकेक करून कोनाड्यात ठेवायची. आणि उताणी पडून दोन्ही पाय सरळ वर, भिंतीला लावायची. माझी आई! जिच्या पायाचा अंगठासुद्धा भाऊंच्या मित्रांनी कधी पाहिला नसेल, ती पोटऱ्यांपर्यंत लुगडं सरकलेलं तसंच ठेवून पडून राहायची. बोलायची नाही. झोपायचीही नाही, डोळे उघडे असायचे. बाहेर गरम वाऱ्याची लू चालायची, खिडकीच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवरून सरकत सरकत माझ्या पायापर्यंत यायची. रिकाम्या खोलीत कडुनिंबाचा मोहोर पडण्याचाही आवाज यायचा, निदान मला तेव्हा तसं वाटायचं. मी पण तिच्या शेजारी भिंतीला पाय लावायची. माझे पाय तिच्या गुडघ्यापर्यंतच पोचायचे. भिंतीला नीळ घातलेला सरकारी चुना होता. त्यावर टाचांचे दोन मोठे आणि दोन छोटे असे डाग उमटले होते. रोज त्याच जागी, म्हणून रोज थोडे गडद होत गेले.

पावसाळ्यात तिथल्या भिंती ओल धरायच्या आणि खोलीला मातीच्या नव्या माठाचा वास यायचा. छपराच्या एका कोपऱ्यातून थेंब टपकायचा, त्याच्याखाली आई वाटी ठेवायची. टप, टप, मग वाटी भरत आली की आवाज जाड व्हायचा. तो ऐकत आम्ही पडून असायचो. नवरात्राच्या सुमारास ऊन मऊ झालं, मागच्या अंगणात दुबेबाईंनी लावलेला पारिजात फुलला. आई वेचलेली फुलं देवाला न्यायची नाही. चटईवरच पसरायची आणि त्यांच्यावर पडायची. त्या दिवसांत तिच्या पाठीला केशरी ठिपके असायचे, घरी कुणी पाहिले नाहीत.

एकदा भाऊ लवकर घरी आले. कचेरीत कुणीतरी वारलं म्हणून सुट्टी झाली होती. मी पाणी प्यायला घरी आले होते. त्यांनी विचारलं, "आई कुठे आहे?"

मी सांगितलं, "खाली."

"खाली कुठे? आपण तळमजल्यावर राहतो."

"खाली क्वार्टरमध्ये."

"काय करते तिथे रोज रोज?"

मला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "काही नाही. आई तिथे खाली बसते." शाळेत बाई म्हणायच्या ना, "क्या खाली बैठी है, कुछ काम कर." तसं बसते, असं मला म्हणायचं होतं.

भाऊ नागपूरचे, त्यांची मराठी पक्की. ते म्हणाले, "मग खाली बसूनच झाडणार ना. उभ्यानं झाडतात का?" आणि वेताच्या खुर्चीत जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

इतक्यात आई दारात आली. तिनं माझं वाक्य ऐकलं होतं. तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला होता, मग भाऊंचं उत्तर ऐकून तिनं पदर तोंडावर दाबला. ती हसत होती. भाऊ वर्तमानपत्रामागून म्हणाले, "दुसऱ्याचं घर किती झाडशील? लोक काय म्हणतील?" आई दुसऱ्या दिवशी दोन वाजता नाकावर टिच्चून झाडू घेऊन निघाली. त्या दिवसापासून आमच्या दोघींत तो एक शब्द झाला. भांडी घासता घासता ती हळूच विचारायची, "खाली बसायला यायचं का गं?"

दिवाळीच्या आधी दुबेजी किल्ली न्यायला आले. क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं होतं. त्या सकाळी आईनं ते क्वार्टर पहिल्यांदा खरंच झाडलं. फरशी पुसली, नव्या माणसांसाठी उंबऱ्यावर रांगोळी काढली. भिंतीवरचे टाचांचे डाग मात्र पुसले नाहीत. मी फडकं घेऊन गेले तर म्हणाली, "राहू दे. राहिलो होतो आपण इथे."

त्यानंतर माझ्या आईला मी रिकामी बसलेली पाहिली ती थेट आमच्या घरी, शेवटच्या दोन वर्षांत. तेव्हा सगळे तिला म्हणत, "आता आराम करा." डॉक्टर म्हणाले, मी म्हणाले, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. ती उठू शकत नव्हती तेव्हा म्हणालो. मला अजून त्याचा संताप येतो, माझ्या स्वतःचासुद्धा. बाईला पाठ टेकायची असेल तर आधी तिनं आजारी पडायला हवं, नाहीतर हातात झाडू तरी घ्यायला हवा. हा कुठला न्याय?

तरी बघा, आईची लेक काय शिकली ते.

रंग द्यायला सलीमभाई आले. म्हातारे, जुन्या भोपाळचे, तोंडात पान. खोलीच्या मध्यभागी उभे राहून विचारू लागले, "अपन को बता दो बाजी, इसमें होना क्या है? पूजा का कमरा हो तो पीला कर दें, बच्चों का हो तो आसमानी."

"कुछ नहीं होना है."

"कुछ नहीं का कौन-सा रंग होता है, बाजी?"

मी म्हटलं, "चूने में चुटकी भर नील."

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "सरकारी क्वार्टर वाला! अरे, बरसों पोता है अपन ने. अब कौन करवाता है? कपड़ों पे छूटेगा, देख लो."

"छूटने दो."

त्यांनी मन लावून काम केलं. भिंती वाळल्यावर दार लोटलं आणि तो वास अंगावर आला तेव्हा मी उंबऱ्यावरच बसले. तिथवर सगळं ठीक होतं. पुढचा घोळ मी माझ्या हातानं घातला.

शेजारच्या श्रीवास्तव भाभींनी गच्चीवरून विचारलं, "ऊपर क्या बनवा रही हैं?" मी पटकन म्हणून गेले, "बस, ध्यान-व्यान करूँगी." दुसऱ्या दिवशी त्यांनी हातभर मोठी ओमची तसबीर आणि समई पाठवली. वर निरोप, की मंगळवारी आपण भजनाची मंडळीच सुरू करू. ह्यांनी जेवताना पुन्हा तोच प्रश्न काढला, "पण करणार काय तू तिथे?" मी म्हटलं, "शिवणाचं मशीन ठेवीन म्हणते." त्यांना इतका आनंद झाला! मशीनला तेल घातलं, मुलाला हाताशी धरून ते वर चढवलं आणि शेजारी स्वतःच्या तीन पँटी ठेवल्या, कमी करायला. मशीन आलंच आहे तर कोपऱ्यात एक कूलरही राहील, असं म्हणत एक मेलेला कूलर परत वर आला. कूलर आल्यावर डबे कसे मागे राहतील?

पंधरा दिवसांत खाली खोली पुन्हा भरली. या वेळी माझ्याच थापांनी.

एका दुपारी मी जिना चढत होते. वळणावर दम खायला थांबले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. हातात झाडू होता. मला कुणी काही विचारलं नव्हतं. घरात ऋता तिच्या लॅपटॉपपुढे होती, हे झोपले होते. खोली सकाळीच झाडलेली होती. तरी माझ्या हातानं आपण होऊन झाडू उचलला होता.

आईचं मी समजू शकते. घर दुसऱ्याचं, किल्ली दुसऱ्याची, खुर्ची भाऊंची. पण हे घर माझं आहे. याच्या विटा माझ्या पगारानं चढल्यात. पायांत गोळे येईपर्यंत फळ्यापुढे उभी राहिले आहे मी. आणि मी अजून झाडू घेऊन चोरासारखी वर जाते? मला स्वतःची इतकी चीड आली की मी तो झाडू गच्चीवरून खाली अंगणात भिरकावला. तुळशीच्या कुंडीपाशी पडला.

मग मी तसबीर काखोटीला मारली, समई हातात घेतली आणि श्रीवास्तवांचं फाटक वाजवलं. "भाभीजी, ये आप रखिए. मैं ध्यान नहीं करूँगी."

"तो फिर क्या करेंगी?"

"खाली बैठूँगी."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "हाय, तबियत तो ठीक है?"

"एकदम ठीक है. इसीलिए बैठूँगी."

घरी आले. हे उठून चहाची वाट पाहत होते. मी पँटी त्यांच्या मांडीवर ठेवल्या. "मी शिवणार नाही. तिथे मी काहीही करणार नाही."

"काहीही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. हातावर हात ठेवून बसणार. रिकामटेकडी."

"अगं, चार लोक विचारतील."

"त्या चौघांना वर पाठवा. एकेकाला नीट समजावून सांगते, फळा आहे अजून माझ्याकडे."

ह्यांनी मांडीवरच्या पँटी बाजूला ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. म्हणाले, "आमच्याशी बोलायचंच नाही का तुला? म्हणून वर?" मला ते ऐकून वाईट वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी दुखवलं नाही, मराठीवरून सोडलं तर. मी म्हटलं, "बोलायचंय. पण तासभर बसून आले की बोलेन." ते पटलं नसावं. तरी कूलर त्यांनीच ओढत खाली आणला, पायरी-पायरीला पुटपुटत. मशीन मी आणि ऋतानं धरलं. वळणावर टेकवलं तेव्हा तिनं विचारलं, "आई, खरंच काहीच नाही करणार?" मी म्हटलं, "खरंच." तिनं मशीनचं जड टोक आपल्याकडे घेतलं.

आता तिथे काय आहे सांगू? एक सुरई, वरती उपडं फुलपात्र. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्याच्यावर मी चढता चढता पाणी शिंपडते. एक लोड. घड्याळ नाही. मिसरोद स्टेशनकडून येणाऱ्या रेल्वेगाडीची शिटी ऐकू आली की दुपार कुठवर आली ते कळतं. आणि जमिनीवर लाल किनारीची चटई. पहिल्या दिवशी मी अंबाडा सोडला, आकडे खिडकीत ठेवले, उताणी पडले आणि गुडघे कुरकुरत असताना दोन्ही पाय भिंतीला लावले. सलीमभाईंचा चुना टाचांना लागला. भिंतीला माझ्या टाचा लागल्या. आता डाग चांगले गडद झालेत. मी पुसणार नाही.

परवाची गोष्ट. दुपारी दोन-सव्वादोन. जिन्यावर पावलं वाजली आणि वळणावर थांबली. मी मान वळवून पाहिलं. ऋता उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली. गच्चीवर वाळत घालायला आली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. पण आमच्याकडे कपडे सकाळीच वाळत पडतात, आणि त्या बादलीत जेमतेम दोन टॉवेल होते. सकाळपासून ती कुणाकुणाशी मीटिंगा करत होती, डोळे लाल झाले होते.

"आई, मी फक्त हे..." ती म्हणाली आणि बादली थोडी उचलून दाखवली.

पुण्याची मुलगी, इंग्रजीतून साहेबांना झापते, आणि हातात बादली!

मी म्हटलं, "वर ये. पण खाली ये."

ती गोंधळली. माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग हातातल्या बादलीकडे पाहिलं. आणि तिला कळलं. बादली तिनं पायरीवरच ठेवली. दारात येऊन खुर्ची शोधू लागली.

"खाली बस," मी म्हटलं.

मी चटईवर सरकले. ती टेकली, मग आडवी झाली. थोड्या वेळानं तिनं भिंतीवरचे डाग पाहिले, माझे पाय पाहिले आणि हळूच आपले पाय वर केले. ती उंच आहे, तिच्या टाचा माझ्या टाचांच्या वर गेल्या. वाळ्याचा गार वास येत होता.

तेवढ्यात खालून ह्यांची हाक आली. "अगं, वर काय करताय दोघी?"

उत्तर द्यायला मी श्वास घेतला. त्याआधी ऋता ओरडली, अशी खणखणीत की श्रीवास्तव भाभींच्या गच्चीपर्यंत गेलं असेल.

"खाली बसलोय, बाबा!"

मी वाट पाहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी आमची मराठी दुरुस्त केली नाही.